मागचं बसलंय

१

गाडी हातावेगळी करण्यापूर्वी ती ज्याची आहे त्याला तिच्यावर बसवून पाहायचे, हा साबणमिस्त्रींचा शिरस्ता होता आणि तो त्यांनी कधी मोडला नव्हता. जुन्या मोटारसायकली हाडापर्यंत सोलायच्या आणि गिऱ्हाइकाच्या मनाजोगत्या नव्याने उभ्या करायच्या, हा त्यांचा धंदा. लोक इंजिनाच्या आवाजावर आणि रंगाच्या झळाळीवर भुलतात. मिस्त्रींचा जीव मात्र मागच्या शॉकअपांत गुंतलेला असे. माणूस बसला की गाडीचा मागचा भाग किती दबतो, हे ते टेपेने मोजत. फार दबला तर गाडी वळणावर लोळणार. मुळीच दबला नाही तर प्रत्येक खड्ड्यावर माणसाला उडवून लावणार. वजन त्यासाठी मालकाचेच हवे. शेजारचा वेल्डर एकदा सहज म्हणाला होता की मी बसतो, तू मोजून घे. त्यावर मिस्त्रींनी त्याला सुनावले होते की दुसऱ्याच्या मापाने सदरा बेतणारा शिंपी आणि दुसऱ्याच्या वजनाने शॉकअप लावणारा मिस्त्री, दोघांनाही एकाच खुंटीला टांगावे. ज्याची गाडी, त्याचे वजन.

साबणमिस्त्री हे नावही या वेल्डरचेच देणे. धंदा काळ्या हातांचा, पण मिस्त्रींचे हात डॉक्टरासारखे पांढरे. लहानसे काम झाले तरी ते नळाखाली कोपरापर्यंत हात धूत आणि नखांतून ब्रश फिरवीत. वेल्डर म्हणे, याच्या अंगाला आजवर काही चिकटले असेल तर ते मी ठेवलेले नाव. वस्तुतः ग्रीस, ऑइल, काजळी यांची मिस्त्रींना किळस नव्हती. ती त्यांच्या मते स्वच्छ घाण होती. त्यांना सोसत नसे ती माणसाच्या अंगाची घाण. जुन्या सीटवर मुरलेला घाम, हेल्मेटच्या आतला ओशट फोम, हँडलाच्या रबरात रुतलेला दुसऱ्याच्या तळहाताचा मळ, यांना त्यांनी उघडा हात कधी लावला नव्हता. चिमट्याने उचलायचे आणि जाळायचे, हा त्यावरचा त्यांचा तोडगा.

या खेपेची गाडी भाचीची होती. मिस्त्रींच्या थोरल्या बहिणीची, म्हणजे ताईची, ही एकुलती एक मुलगी. ताईचे यजमान लवकर गेले. तेव्हापासून मायलेकी वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर, मिस्त्रींच्या समोरच्याच खोल्यांत राहत. भाचीची उंची लहानपणी मिस्त्रीच वर्कशॉपच्या खांबावर खडूने मांडून ठेवीत. तिला आता दूरच्या शहरात नोकरी लागली होती, आणि तिथे मोटारसायकलवरून एकटीने जायचे तिने ठरवले होते. ताईने आधी आकांडतांडव केले, मग अबोला धरला, आणि शेवटी एकच अट घातली की मामाने गाडी स्वतःच्या हाताने केली आणि ‘जा’ म्हणून सांगितले, तरच जायचे. मिस्त्रींनी तो शब्द अंगावर घेतला होता.

सांगाडा भाचीनेच शोधून आणला होता. पाडायला काढलेल्या एका इमारतीच्या तळघरात ताडपत्रीखाली तो पडून होता आणि त्याच्यावर कोणी हक्क सांगितला नव्हता. तिच्या हौसेप्रमाणे मिस्त्रींनी मागची लांब शेपटी कापली, एकट्या माणसाची आखूड सीट बसवली आणि तिच्यामागे नुसता उघडा, काळ्या रंगाचा मडगार्ड ठेवला. मागच्या माणसाला ना जागा, ना पाय ठेवायला आधार. लग्नाची स्थळे आणणाऱ्या मावश्यांना भाची हेच उत्तर देई की माझ्या गाडीला मागे जागाच नाही.

मोजमापाच्या दिवशी वेल्डरने पुढून हँडल धरले आणि मिस्त्री टेप घेऊन मागे उकिडवे बसले. रिकामी गाडी तोऱ्यात उभी होती. मिस्त्रींनी भाचीला बसायला सांगितले. ती बसली, पाय वर घेतले, शॉकअप कुरकुरले आणि मिस्त्रींनी आकड्यावर अंगठा ठेवला. तेवढ्यात ते पुन्हा कुरकुरले, आणि अंगठ्याखालची टेप आणखी खाली सरकली.

“हललीस का गं?”

“नाही मामा. श्वाससुद्धा घेतला नाही.”

मिस्त्रींनी पुन्हा मोजले. मागचा भाग जवळजवळ टेकायला आला होता. तिच्यासारख्या काटकुळ्या मुलीच्या वजनाने असे व्हायला नको होते. शॉकअपातला जीव गेला की धंद्यात जे म्हणतात तेच ते म्हणाले.

“मागचं बसलंय.”

“बसणारच की,” वेल्डर म्हणाला. “तुझ्याइतकं म्हातारं झालंय ते.”

भाची हसली. “मामा, मी मागे जागाच ठेवली नाही, तरी बसलं?”

२

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी दोन्ही शॉकअप उतरवले. जीव गेलेला शॉकअप रडका असतो. त्याचे सील फाटते, ऑइल पाझरते, दांडा चिकट होतो. हे दोन्ही ठणठणीत कोरडे होते. मिस्त्रींनी एक जमिनीवर टेकवून अंगाचा भार देऊन दाबून पाहिला. तो ताठपणे दबला आणि सावकाश, शहाण्यासारखा वर आला. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली की हाताला सगळेच कळत नाही. आतून झडप गेली असेल. टेप खोटे बोलत नाही. वेल्डरने ते शॉकअप मागून घेतले, माझ्या खटाऱ्याला चालतील म्हणाला, आणि मिस्त्रींनी देऊन टाकले.

मडगार्डवरचा डाग त्यांना त्यानंतर दिसला. पाना ठेवायला वाकले तेव्हा उजेड तिरपा पडला आणि काळ्या रंगावर हाताच्या पंज्याहून मोठा एक निस्तेज पट्टा दिसला. बसच्या खिडकीवर किंवा दवाखान्याच्या भिंतीवर, जिथे दिवसभर लोक डोके टेकून बसतात, तिथे जसा पडतो तसा. मिस्त्रींना वाटले, भजी खाऊन न धुतलेले वेल्डरचे तळणीचे हात लागले असतील. त्यांनी चिंधी रॉकेलमध्ये भिजवली आणि पट्टा पुसला. तो निघाला, पण एकदम नाही; आधी पसरला, मग चिंधीला लोण्यासारखा लागला.

त्यांनी चिंधी नाकाजवळ नेली आणि तत्काळ लांब केली. तो वास तळणीचा नव्हता आणि ग्रीसचाही नव्हता. मोडलेल्या हाताचे प्लॅस्टर पुष्कळ दिवसांनी कापले की आतली पांढरी, भिजकी कातडी जो वास सोडते, तो होता. रॉकेलच्या उग्र वासानेही तो दबला नव्हता.

मिस्त्रींनी चिंधी चिमट्याने उचलून मागच्या अंगणात जाळली. ती जळताना चुरचुरली. मग त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, आणि पुसून झाल्यावर पुन्हा एकदा धुतले.

३

नवे शॉकअप भाचीच्या वजनाला साजेसे, मिस्त्रींनी निवडून मागवलेले होते. लावून झाले तेव्हा रिकामी गाडी शेपूट उंचावलेल्या मांजरीसारखी दिसत होती. भाची बसली. नव्या मालाला आवाज नसतो. हे शॉकअप निमूट दबले. टेपेचा आकडा मनासारखा आला आणि मिस्त्री मान वर करून ‘छान’ म्हणणार तोच त्यांच्या डोळ्यांदेखत मागचा भाग खाली गेला. धक्का नाही, झटका नाही. जड माणूस आरामखुर्चीत सैलावतो तसा तो सैलावला.

त्याच वेळी भाची सीटवर थोडी पुढे सरकली.

“सरकलीस का?” मिस्त्रींनी विचारले.

“मागची कडा बोचते रे. मी नेहमी अशीच बसते.”

ती उतरल्यावर मिस्त्रींनी सीटच्या मागच्या कडेवरून तळहात फिरवला. कडा गोल होती, मऊ होती. तिच्यात बोचण्यासारखे काही नव्हते. कातडे मात्र तिथे कोमट होते, आणि तळहात उचलताना तो किंचित चिकटून सुटला. मडगार्डवर तोच पट्टा होता, आधीच्याहून जाड. त्यात कोंड्यासारखे पापुद्रे होते आणि एक आखूड, राठ, पिवळट केस आडवा चिकटला होता. मिस्त्रींनी तो चिमट्याने ओढला तेव्हा तो एकदम सुटला नाही; मुळाशी काही ओलसर ताणले जावे तसा लांबला आणि मग निघाला.

मिस्त्री विचारी गृहस्थ होते. आयुष्यात त्यांनी पुष्कळ वाचले होते आणि भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना ते तोंडावर हसत. त्यांनी कारणे मांडून पाहिली. तळघरात गाडी पडून होती, म्हणजे उंदीर आले. मागच्या चाकाला धरून ठेवणाऱ्या दुहेरी लोखंडी हाताला धंद्यात चिमटा म्हणतात; उंदीर त्याच्या पोकळीत मेला असेल. दिवसाच्या उष्णतेने त्याची चरबी पाझरत असेल. त्यांनी तो चिमटा अख्खा उतरवला, पोकळीत बॅटरी मारली, तार घातली. आत गंजाच्या पुडीखेरीज काही नव्हते. आणि उंदराची चरबी असलीच, तर ती वर मडगार्डपर्यंत चढून कशी बसणार, याचे उत्तर त्यांच्या कारणांत नव्हते.

रात्रीच्या जेवणाला पहिला घास तोंडाशी नेताच त्यांचा हात थबकला. बोटांना तो वास होता.

बायकोने ताटावरून पाहिले. “अहो, काय झालं? मीठ राहिलं का?”

“हाताला वास येतोय.”

“तुमच्या हाताला?” ती हसू दाबत म्हणाली. “मग जगबुडीच आली म्हणायची.” तिने त्यांचा हात ओढून हुंगला. तिचे हसू तिथेच गळाले. तिने हात सोडला, स्वतःची बोटे पदराला पुसली, उठून पदरही धुतला, आणि त्या दिवशी दोघांचीही ताटे तशीच उचलली गेली.

४

सुट्या भागांच्या दुकानात मिस्त्रींनी सर्वांत जाड स्प्रिंगची जोडी मागितली. दुकानदार ओळखीचा होता. त्याने विचारले की दोघे बसणार का, सामानही असेल का. मिस्त्री म्हणाले, एकटीच आहे, आणि अंगानेही बारीक आहे.

“मग ही तिला दगडासारखी लागेल, मिस्त्री. ही दोन भारी माणसांची आहे.”

“टेप सांगते ते खरं,” मिस्त्री म्हणाले.

हे वाक्य ते चाळीस वर्षे अभिमानाने बोलत आले होते. दुकानाच्या पायऱ्या उतरताना मात्र त्यांना ते कुणी दुसऱ्यानेच उच्चारल्यासारखे वाटले. परतल्यावर स्वतः एकदा गाडीवर बसून पाहावे, असा विचार त्यांच्या मनाला शिवला. त्यांनी तो दूर सारला. ज्याची गाडी, त्याचे वजन; उभ्या जन्मात न मोडलेला नियम एका ओशट डागापायी मोडायचा काय? शिवाय, खरे सांगायचे तर, त्या सीटवर स्वतःचे अंग टेकवायची त्यांची तयारी नव्हती.

जाड स्प्रिंगा लागल्या. भाची बसली. मागचा भाग दबला, थोडा थांबला, आणखी दबला, आणि जिथे यायला हवा तिथेच, नेमका केसभरही इकडेतिकडे न होता, येऊन स्थिरावला. मिस्त्रींनी तीनदा मोजले. त्यांच्या खांद्यांवरचे ओझे उतरले. वेल्डरने पाठीवर थाप मारली, आणि त्या संध्याकाळी मिस्त्री जेवले.

भाची गाडी फिरवून आली ती हरखून. गाडी लोण्यावरून चालावी तशी चालते, म्हणाली; खड्डा लागतो तेव्हा कोणीतरी अलगद झेलल्यासारखे वाटते. मिस्त्रींनी वाऱ्याचे विचारले. मागे उघडा मडगार्ड, आधार नाही, पाठ गारठत असेल.

“उलट पाठ चांगली ऊबदार राहते, मामा. वारा लागतच नाही मागून.”

निघण्याच्या आदल्या दुपारी ताई खाली वर्कशॉपमध्ये आली. तिच्या हातात भाचीचे प्रवासासाठी घेतलेले नवे जॅकेट होते. जाड कापडाचे, फिकट मातकट रंगाचे. ताईने ते एका बोटावर, अंगापासून लांब धरले होते. तिचे म्हणणे असे की दोनदा धुतले, साबणात भिजवून ठेवले, तरी डाग जात नाहीत. मामाच्या गाडीचे ऑइल आहे, तेव्हा मामानेच काढून द्यावेत. मिस्त्रींनी जॅकेट खिडकीपाशी नेले. कमरेच्या दोन्ही बाजूंना एकेक लांबट डाग होता. तिसरा पाठीवर, खांद्यांच्या मधोमध, जरासा डावीकडे. तो गोलसर होता आणि एका बाजूला त्याची कड दातेरी, ओली वाटत होती.

“साखळीचं ऑइल काळं असतं, ताई,” मिस्त्री हळू म्हणाले. “हे पिवळं आहे.”

“मग कसलं आहे?”

ताईने डागाकडे पाहिले आणि नाक मुरडले.

“ही लहान असताना माझ्या खांद्यावर झोपायची, तेव्हा लाळेने असंच व्हायचं बघ,” ती म्हणाली. “तिथंच, तेवढंच. फक्त त्याला दुधाचा वास यायचा.”

५

सकाळ स्वच्छ होती. भाचीने सामान टाकीवर आणि दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत बांधले होते. दुसरे जॅकेट नसल्यामुळे डागाळलेलेच घातले होते. रात्री मिस्त्रींच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. पण उजाडताच त्यांची अक्कल पुन्हा ठिकाणावर आली होती. डाग म्हणजे घाम. वास म्हणजे तळघर. टेपेचा आकडा बरोबर आहे, आणि टेपेच्या पलीकडचे जग मानायला ते तयार नव्हते. ताईने त्यांच्याकडे पाहून भुवया उंचावल्या, आणि त्यांनी मान हलवली. शब्द दिला गेला. जा.

एवढ्यात गल्लीच्या तोंडातून वेल्डरचा खटारा आला. भाचीला निरोप द्यायला तो बायकोला घेऊन आला होता. नवराबायको दोघेही खात्यापित्या घरची. एका गाडीवर ती दोघे बसली की गाडीची कीव यावी असा नेहमीचा देखावा. आज कीव येत नव्हती. खटाऱ्याची शेपूट उचललेली होती. गल्लीच्या खड्ड्यातून तो उतरला आणि गुमान वर आला.

वेल्डर स्टँड लावत म्हणाला, “तुझे शॉकअप लावले रे. मी बसलो, ही बसली, तरी हूं की चूं नाही. हे कुठे बसलेत? हे तर लग्नाला उभे राहतील.”

त्याची बायको म्हणाली की आयुष्यात पहिल्यांदा या गाडीवर कंबर शाबूत राहिली.

मिस्त्री खटाऱ्याजवळ गेले आणि वाकले. तेच शॉकअप. तेच कोरडे, चकचकीत दांडे. तळहातांचा भार देऊन त्यांनी मागचा भाग दाबला. तो ताठपणे दबला आणि सावकाश, शहाण्यासारखा वर आला. दोन भारी माणसे यांनी उचलली होती. या शॉकअपांचे काही बिघडलेले नव्हते. कधीच बिघडलेले नव्हते.

शॉकअप बसले नव्हते. मग बसले होते ते काय?

आणि त्यावर उपाय म्हणून मिस्त्रींनी दोघांच्या वजनाच्या स्प्रिंगा लावल्या होत्या. त्या तिला दगडासारख्या लागायला हव्या होत्या. त्या लागल्या नव्हत्या. गाडी सांगत होती, दर वेळी सांगत होती, आणि मिस्त्रींनी आपल्या हुन्नराने तिचे तोंड बंद केले होते. नुसते बंद केले नव्हते. जे होते त्याला त्यांनी ऐसपैस, मापात, न हिंदकळणारी जागा करून दिली होती.

ते वळले. भाचीने हेल्मेट चढवले होते, हातमोजे घातले होते. इंजिन सुरू होते. तिने आईकडे पाहून अंगठा वर केला आणि पाय टाकून गाडीवर बसली.

मागचा भाग दबला.

मिस्त्री पाहत राहिले. भाची सीटवर थोडी पुढे सरकली. मागून चढणाऱ्याला जागा द्यायला आपण सरकतो तशी, मान न वळवता, सवयीने. मागचा भाग पुन्हा दबला. तिच्या जॅकेटचे सैल कापड कमरेशी दोन्ही बाजूंनी आत ओढले गेले आणि तसेच राहिले. मग पाठीवरचा तो गोल डाग सपाट झाला, आणि त्याची कड ओली होऊन चमकली.

“थांब,” मिस्त्री म्हणाले. इंजिनाच्या आणि हेल्मेटच्या पलीकडे ते पोहोचले नाही. तिने गिअर टाकला. मिस्त्री धावले. या वयातही त्यांच्या मनगटांत जोर होता. पहिल्या गिअरमधली गाडी मडगार्डाला धरून त्यांनी अनेकदा रोखली होती. ती हळूच सुटत असतानाच त्यांनी हात लांब करून मडगार्ड धरायला झेप घेतली. उघडा हात, हातमोजा नाही, चिंधी नाही.

हात पत्र्यापर्यंत गेलाच नाही.

पत्र्याच्या वीतभर वर तो कशात तरी रुतला. दिसत काहीच नव्हते. बोटांच्या मधून काळा रंग आणि त्यावर चमकणारे ऊन दिसत होते. पण तळहाताखाली कोमट होते, ओले होते, आणि थंडावलेल्या दुधावरच्या सायीसारखे सैल. साय सरकली आणि बोटे तिच्या घडीत गेली. घडीच्या आत केस होते. त्यांच्याखाली काहीतरी अरुंद आणि टणक होते, बरगडीसारखे, आणि ते हलले. ते दचकले नाही, दूरही झाले नाही. बसल्या जागी माणूस अधिक आरामात बसायला जसा एकवार अंग सावरतो, तसे ते त्यांच्या हाताखाली हलले आणि पुढे, भाचीच्या पाठीकडे, रेलले.

धरून ठेवायला हवे होते. एवढेच हवे होते, आणखी एक श्वासभर. मिस्त्रींना ते लख्ख कळत होते. त्यांच्या मनाने हाताला तसा हुकूमही दिला होता. पण हात मनाचा नव्हता. ज्या हाताने आयुष्यभर दुसऱ्याच्या अंगाचा मळ कधी शिवला नव्हता, तो उसळलेल्या शिसारीसरशी आपोआप उघडला.

गाडी गल्लीच्या टोकाला गेली, वळणावर सुरेख झुकली, जराही लोळली नाही, आणि दिसेनाशी झाली. झुकताना भाचीने मागे न पाहता हात हलवला.

वेल्डर हसत काहीतरी म्हणाला, मामाचा पाय निघत नाही अशा अर्थाचे. मिस्त्रींनी डाव्या हाताने खिशातला फोन काढला आणि पुन्हा ठेवला. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हे तिला त्यांनीच शिकवले होते. उजवा हात त्यांनी अंगापासून लांब, बोटे फाकवून धरला होता. उन्हात तो तळहातभर चकाकत होता, आणि मनगटाच्या बाजूने एक पिवळट थेंब सावकाश कोपराकडे निघाला होता. दारात उभ्या असलेल्या बायकोने त्या हाताकडे पाहिले, तोंडाला पदर लावला आणि न सांगता आतून साबण आणून नळाच्या कट्ट्यावर ठेवला.

ताई डोळे पुसत जवळ आली. तिला हात दिसला नव्हता. ती अजून गल्लीच्या टोकाकडेच पाहत होती.

“नीट बसली ना रे ती?”

मिस्त्रींनी डाव्या हाताने नळ सोडला.

“बसलं,” ते म्हणाले.